दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचा बातुमीतला डाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२८ जुलै २०२५, सोमवार. जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिला विश्वचषकाची अंतिम लढत संपली आणि नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख जिंकली. समोर होती अडतीस वर्षांची कोनेरू हम्पी. मी नागपुरात शनिवार-रविवारी मुलांना बुद्धिबळ शिकवते. त्या दिवसापासून पालक, शेजारी, भाजीच्या दुकानात भेटणारे लोक, सगळे काही ना काही विचारत असतात. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. बुद्धिबळ येत नसलं तरी वाचा, अडणार नाही.

ही स्पर्धा नेमकी कुठली?

फिडे महिला विश्वचषक. फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ. एकूण १०७ खेळाडू होत्या आणि पद्धत बाद फेरीची, म्हणजे हरलात की सामान बांधायचं. प्रत्येक फेरीत एकाच प्रतिस्पर्धीशी दोन क्लासिकल, म्हणजे भरपूर वेळ देणारे डाव, दोन्ही मिळून बरोबरी झाली तर दुसऱ्या दिवशी टायब्रेक, म्हणजे निकाल लागेपर्यंत कमी वेळाचे जलद डाव. ही स्पर्धा तशी नवी आहे. २०२१ मध्ये सोचीला अलेक्झांड्रा कोस्टेनियुक जिंकली, २०२३ मध्ये बाकूला अलेक्सांद्रा गोर्याचकिना. २०२५ ची तिसरी, आणि तिच्या अंतिम फेरीत दोन्ही बाजूंना भारतीय.

म्हणजे दिव्या जगज्जेती झाली का?

नाही. हा गोंधळ फार लोकांचा होतो, कारण मराठीत विश्वचषक आणि विश्वविजेतेपद हे शब्द अगदी शेजारी बसतात. क्रिकेटमध्ये विश्वचषक जिंकला की विषय संपतो, बुद्धिबळात तसं नाही. जगज्जेती ठरते ती आव्हानवीर आणि गतविजेती यांच्या स्वतंत्र सामन्यातून. २०१८ पासून तो मान चीनच्या जू वेनजुनकडे होता आणि एप्रिल २०२५ मध्ये तिनं आपल्याच देशाच्या तान झोंगयीला हरवून तो राखला. विश्वचषकातल्या पहिल्या तिघी कँडिडेट्स या आठ जणींच्या स्पर्धेला पात्र ठरतात, आणि कँडिडेट्स जिंकणारी जगज्जेतीला आव्हान देते. बातुमीतून दिव्या, हम्पी आणि तिसरी आलेली तान झोंगयी अशा तिघी पात्र ठरल्या.

अंतिम लढतीत एकूण किती डाव झाले?

चार. शनिवारी २६ जुलैला पहिला क्लासिकल डाव. दिव्याकडे पांढरी मोहरी होती, तिनं वजिरापुढच्या प्याद्यानं सुरुवात केली आणि तिनं देऊ केलेलं प्यादं हम्पीनं घेतलं. बुद्धिबळात याला क्वीन्स गॅम्बिट अॅक्सेप्टेड म्हणतात. चौदाव्या चालीच्या सुमाराला दिव्यासमोर मोठी संधी होती, ती तिच्या हातून निसटली. हम्पीनं सावरून घेतलं आणि ४१ चालींत बरोबरी झाली. रविवारचा दुसरा डाव ३४ चालींत बरोबरीत सुटला, तो त्या मानानं शांत होता.

सोमवारी टायब्रेक. पहिला जलद डाव ८१ चाली चालला आणि तोही बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात हम्पीकडे पांढरी मोहरी, दिव्याकडे काळी. पंचाहत्तराव्या चालीला हम्पीनं डाव सोडला. एकूण गुण अडीच विरुद्ध दीड. लोक ज्याला 'तो डाव' म्हणतात तो हा.

क्लासिकल आणि जलद यांत इतका फरक असतो का? पट तर तोच.

पट तोच, मोहरी तीच. बदलतं ते घड्याळ, आणि घड्याळ बदललं की खेळाचा स्वभावच पालटतो.

या स्पर्धेत क्लासिकल डावाला पहिल्या चाळीस चालींसाठी प्रत्येकीला दीड तास, मग आणखी अर्धा तास, शिवाय पहिल्या चालीपासून दर चालीला तीस सेकंदांची भर. जलद डावाला फक्त पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद. आता हिशोब करून पाहा. पंचाहत्तर चालींचा डाव क्लासिकलमध्ये झाला असता तर प्रत्येकीच्या वाट्याला अडीच तासांहून जास्त वेळ आला असता. सोमवारी प्रत्येकीच्या वाट्याला आली फार तर साडेसत्तावीस मिनिटं, आणि त्यातली साडेबारा तर दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत.

तरीही बरोबरी झाली असती तर घड्याळ आणखी आवळत गेलं असतं. आधी दहा मिनिटांचे दोन डाव, मग पाच मिनिटांचे दोन आणि शेवटी तीन मिनिटांचा एकेक डाव, कुणीतरी जिंकेपर्यंत. उपांत्य फेरीत हम्पीला या शिडीवरून बरंच खाली उतरावं लागलं होतं.

निर्णायक डावात नक्की काय झालं?

हम्पीनं कॅटलान नावाची सुरुवात मांडली. यात पांढऱ्याचा राजाकडचा उंट आपल्या बाजूच्या कोपऱ्याजवळ बसतो आणि पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा कर्ण डोळ्यांखाली ठेवतो. ही सुरुवात आरडाओरडा करत नाही. ती समोरच्याला हळूहळू दाबत नेते, जागा कमी करते आणि चूक होण्याची वाट बघते. जिला समजुतीनं, सावकाश खेळायचं आहे तिच्यासाठी ही उत्तम निवड. हम्पीचा स्वभाव असाच आहे.

दिव्यानं दाब येऊ दिला नाही. डाव बराच वेळ समतोल राहिला. चाळिसाव्या चालीच्या आसपास हम्पीनं प्यादं पुढे ढकलून पट उघडायचा प्रयत्न केला. कल्पना म्हणून ती वाईट नव्हती, पण तोवर तिच्या घड्याळात फारसं काही उरलं नव्हतं. उघडा पट म्हणजे दर चालीला मोजायला जास्त फाटे, आणि मोजायला दहा सेकंद. तिथून डाव हेलकावे खात राहिला. कधी दिव्याचं पारडं जड, कधी पुन्हा बरोबरीची वाट मोकळी. शेवटच्या टप्प्यात दोघींच्याही चुका झाल्या, फक्त शेवटची चूक हम्पीची होती.

बातम्यांमध्ये 'दिव्यानं हम्पीला चीतपट केलं' अशा ओळी आल्या. तसं काही झालं नव्हतं. तो एका घावात संपलेला डाव नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ताणलेला, चुकत-सावरत गेलेला डाव आहे, आणि मला तो त्यासाठीच आवडतो. जिंकल्यानंतर दिव्यानं स्वतःच सांगितलं की शेवटच्या टप्प्यात आपण घोळ घातला, डाव सोपा जिंकायला हवा होता, एंडगेम, म्हणजे पटावर मोजकीच मोहरी उरल्यावरचा खेळ, शिकायला हवेत. नुकतीच विश्वचषक जिंकलेली मुलगी मुलाखतीत आपल्या चुकीबद्दल बोलते, हे मी माझ्या वर्गातल्या मुलांना मुद्दाम ऐकवलं.

हम्पी इतकी अनुभवी. मग ती वेळेत कशी अडकली?

अनुभवी माणूसच अडकतो, कारण त्याला जास्त दिसतं. नवशिक्या मुलाला एका स्थितीत दोन चाली दिसतात, तो त्यातली एक खेळून मोकळा होतो. हम्पीला सहा दिसतात आणि त्यातल्या चार तिला पटत नाहीत. पटत नाहीत हे ठरवायलाही वेळ लागतोच.

दहा सेकंद म्हणजे किती, हे एकदा घरी करून पाहा. समोरच्यानं चाल करून घड्याळाची कळ दाबली की तुमचे दहा सेकंद सुरू. पहिले दोन सेकंद त्यानं काय केलं ते बघण्यात जातात. आपला राजा शहात आहे का, एखादं मोहरं फुकट जातंय का, हे पाहण्यात आणखी दोन. आता उरलेल्या पाच-सहा सेकंदांत विचार करायचा, मोहरं उचलायचं, नेमक्या घरात ठेवायचं आणि ज्या हातानं चाल केली त्याच हातानं कळ दाबायची. हात घामट झालेला असतो. प्यादं घरात तिरकं पडलं तर सरळ करायलाही त्याच सेकंदांतून वेळ जातो. जलद डावात चाली लिहून ठेवायची सक्ती नसते, तेवढाच काय तो दिलासा. असं एकदा नाही, सलग वीस-तीस वेळा करायचं. त्याच्या आधी त्याच दुपारी ८१ चालींचा एक डाव होऊन गेलेला असतो आणि त्याच्याही आधी तीन आठवड्यांची स्पर्धा.

हम्पी त्या दिवशी कमी पडली ती ज्ञानात कमी पडली, असं मला मुळीच वाटत नाही.

डाव सोडतात म्हणजे काय? मात का झाली नाही?

वरच्या पातळीवर मात क्वचितच पटावर होते. पुढे काय होणार हे दोघींनाही दिसत असतं, म्हणून हरणारी खेळाडू घड्याळ थांबवून हात पुढे करते. तिथे डाव संपतो. हम्पीनं तेच केलं. हात मिळवून झाल्यावर दिव्याला रडू आवरेना. नंतर ती आईच्या गळ्यात पडली आणि दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. तो व्हिडिओ तुम्ही बहुधा पाहिला असेल. पुन्हा बघाल तेव्हा एकदा हम्पीकडेही बघा.

एक स्पर्धा जिंकून ग्रँडमास्टर कसं होता येतं?

एरवी होता येत नाही. ग्रँडमास्टर किताबासाठी साधारणपणे दोन गोष्टी लागतात. रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, एकदा तरी २५०० ला पोचलं पाहिजे, आणि तीन नॉर्म मिळवले पाहिजेत. नॉर्म म्हणजे निदान नऊ डावांच्या एखाद्या स्पर्धेत २६०० च्या तोडीची कामगिरी, तीही पुरेसे ग्रँडमास्टर आणि वेगवेगळ्या देशांचे खेळाडू समोर असताना. कित्येक मुलांची एका नॉर्मसाठी तीन-चार वर्षं जातात. घरच्यांचे युरोपच्या तिकिटांवर किती पैसे जातात ते ज्याचं त्यालाच माहीत.

पण फिडेच्या नियमांत थेट किताबाचीही तरतूद आहे. काही मोजक्या स्पर्धा जिंकल्या तर नॉर्मची अट राहत नाही. महिला विश्वचषक त्यातला एक. बातुमीला जाताना दिव्याकडे एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता आणि रेटिंग २४६३ होतं. परतली ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर होऊन. भारतीय महिलांमध्ये चौथी. पहिली हम्पी, मग द्रोणावल्ली हारिका, मग आर. वैशाली.

'म्हणजे हा आडवाटेनं मिळालेला किताब का?' असंही एका काकांनी मला विचारलं. काका, नॉर्मसाठी नऊ डाव चांगले खेळावे लागतात आणि एखादा हरला तरी भागतं. इथे एकही फेरी हरायची सोय नव्हती.

तिथपर्यंत ती कशी पोचली?

तिला पंधरावं मानांकन होतं, म्हणजे कागदावर तिच्या पुढे चौदा जणी. चौथ्या फेरीत तिनं दुसऱ्या मानांकनाच्या झू जिनरला टायब्रेकमध्ये हरवलं. माझ्या मते स्पर्धा तिथेच फिरली. उपांत्यपूर्व फेरीत हारिका समोर आली. क्लासिकल डाव बरोबरीत, मग दोन्ही जलद डाव दिव्याचे. उपांत्य फेरीत तान झोंगयी, माजी जगज्जेती. पहिला डाव बरोबरीत सुटला आणि दुसरा दिव्यानं १०१ चाली खेळून जिंकला. १०१ चालींचा डाव बसून पाहणंसुद्धा थकवतं.

यादी बघा: झू, हारिका, तान, हम्पी. या चौघींपैकी एकीवरचाही विजय नशिबाचा म्हणता येणार नाही.

हम्पीबद्दल इतकं का सांगता? जिंकली तर दिव्या ना?

कारण समोर कोण बसलं होतं हे कळल्याशिवाय त्या विजयाचं वजन कळत नाही.

कोनेरू हम्पी आंध्रातल्या गुडिवाड्याची. वडील अशोक कोनेरू हेच पहिले प्रशिक्षक. नावही त्यांनी 'चॅम्पियन' या शब्दावरून ठेवलेलं. २००२ मध्ये पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली, ज्युडिट पोल्गारचा विक्रम मोडून, त्या वेळची जगातली सर्वांत लहान महिला ग्रँडमास्टर. भारतातली तर पहिलीच. दिव्याचा जन्म डिसेंबर २००५ चा, म्हणजे हम्पीला किताब मिळाला तेव्हा ती जन्मलीही नव्हती. २००७ मध्ये हम्पीनं २६०० रेटिंग ओलांडलं. पोल्गारनंतर हे करणारी ती दुसरी महिला. २०११ मध्ये जगज्जेतेपदाच्या सामन्यात हौ यिफानसमोर ती हरली. मग बाळंतपणासाठी दोनेक वर्षं खेळ बाजूला ठेवला. परत आली आणि २०१९ मध्ये मॉस्कोत जलद प्रकारातली जगज्जेती झाली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा तेच विजेतेपद. ज्या प्रकारात ती बातुमीत हरली, त्याच प्रकारात सात महिन्यांपूर्वी ती जगात पहिली होती.

आणि बातुमीतली तिची उपांत्य लढत तर मुलांना दाखवावी अशी. चीनच्या लेई तिंगजीशी क्लासिकल डाव बरोबरीत, पंधरा मिनिटांचे दोन्ही डाव बरोबरीत. दहा मिनिटांच्या पहिल्या डावात हम्पी हरली. पुढचा जिंकलाच पाहिजे अशी अवस्था. तो तिनं जिंकला आणि पाच मिनिटांचे दोन्ही डावही घेतले. पाच विरुद्ध तीन. अडतिसाव्या वर्षी, घरी लहान मुलगी ठेवून आलेली बाई हे करते.

'हम्पी संपली' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. लपवत नाही.

दिव्या आधीपासूनच एवढी मोठी खेळाडू होती का?

बुद्धिबळातल्या लोकांना ती चांगलीच माहीत होती, बाकीच्यांना जुलैत कळली. आई-वडील दोघंही डॉक्टर. लहानपणी पाया घालून दिला तो प्रशिक्षक राहुल जोशी यांनी. ते २०२० मध्ये गेले. ही मुलगी ग्रँडमास्टर व्हावी ही त्यांची इच्छा होती. बातुमीहून परतल्यावर विमानतळावरच्या गर्दीत दिव्यानं त्यांचं नाव घेतलं तेव्हा आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांचे डोळे भरून आले.

२०२३ मध्ये ती अल्माटीला आशियाई विजेती झाली. २०२४ मध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींची जगज्जेती. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेत, भारतीय महिला संघानं पहिल्यांदा सुवर्ण जिंकलं, त्यात तिसऱ्या पटावर वैयक्तिक सुवर्णही दिव्याचंच. म्हणजे ती आकाशातून पडलेली नाही.

नागपुरात असं काय आहे?

रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे दोघे ग्रँडमास्टरही नागपूरचेच. पाण्यात काही नाही. ज्या गावात एक मूल मोठ्या स्पर्धेला जाऊन येतं, तिथे दुसऱ्याच्या आईबापांना फॉर्म कुठे भरायचा, कोच कुणाला विचारायचा, शाळेतून रजा कशी मिळवायची हे कळतं. वाट माहीत असली की चालणारे वाढतात.

महाराष्ट्रात याआधी कुणी महिला एवढ्या पुढे गेल्या होत्या?

हो, आणि त्या आज विसरल्या जातात याचं वाईट वाटतं. मुंबईच्या खाडिलकर बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीनं जिंकली आणि पुढची दहा वर्षं ते विजेतेपद जवळजवळ या घरातच राहिलं. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्यावरून वादंग झाला. वडील, 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर, यांनी थेट फिडेच्या अध्यक्षांकडे दाद मागितली. तेव्हाचे अध्यक्ष माक्स ऑव्हे यांनी निर्वाळा दिला की स्त्री आहे म्हणून कुणाला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. तेरा वर्षांच्या मराठी मुलीच्या हट्टातून हे घडलं. पुढे १९८१ आणि १९८३ मध्ये रोहिणी आशियाई विजेतीही झाली.

अनुपमा गोखले, माहेरची अभ्यंकर, हिला १९८६ मध्ये शाळकरी वयात पद्मश्री मिळाली. भाग्यश्री ठिपसे १९९१ मध्ये आशियाई विजेती. पुण्याची सौम्या स्वामिनाथन २००९ मध्ये कनिष्ठ गटातली जगज्जेती. दिव्याच्या मागे ही एवढी मोठी रांग उभी आहे.

स्पर्धा जॉर्जियातच का भरली?

यजमान बदलत असतात. बातुमी हे काळ्या समुद्रावरचं बंदर, २०१८ चं ऑलिंपियाडही तिथेच झालं होतं. पण महिलांच्या बुद्धिबळाला जॉर्जियाइतकं योग्य घर नाही. नोना गाप्रिंदाश्विली १९६२ ते १९७८ जगज्जेती होती. तिला हरवलं तेही जॉर्जियाच्याच माया चिबुर्दानिद्झेनं, आणि तो मान १९९१ पर्यंत राखला. एवढ्याशा देशाकडे जवळपास तीस वर्षं हे पद होतं. ग्रँडमास्टर हा किताब मिळालेली जगातली पहिली महिलाही नोनाच, १९७८ मध्ये.

महिलांच्या वेगळ्या स्पर्धा हव्यातच कशाला? बुद्धिबळात ताकद थोडीच लागते?

बायकांना खुल्या स्पर्धेत खेळायला बंदी नाही. ज्युडिट पोल्गार तर महिलांच्या वेगळ्या स्पर्धांपासून लांबच राहिली आणि जगात पहिल्या दहांत पोचली. दिव्याही खुल्या स्पर्धा खेळते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्यात खुला विश्वचषक झाला, २०६ खेळाडूंत ती एकटी महिला होती. पहिल्या फेरीत हरली, पण बसली.

तरी वेगळ्या स्पर्धा हव्यात असं माझं ठाम मत आहे, आणि ते माझ्या वर्गातून बनलेलं आहे. आठ-नऊ वर्षांच्या वयात माझ्याकडे मुलगे आणि मुली जवळपास सारखेच येतात. दहावी आली की मुलगे थोडे गळतात, मुली जवळजवळ सगळ्या. परगावी स्पर्धा असली की मुलीसोबत कोण जाणार, हा प्रश्न येतो. मुलासाठी तो इतका अडत नाही. महिलांच्या स्पर्धा, त्यातली बक्षिसं, त्यातून मिळणारं नाव, यामुळे घरातल्या लोकांना तिकीट काढायला एक कारण मिळतं. ताकदीचा इथे संबंध नाही.

बक्षीस किती मिळालं?

दिव्याला ५०,००० डॉलर, हम्पीला ३५,०००. गोव्यातल्या खुल्या विश्वचषकाच्या विजेत्याला १,२०,०००. हा फरक कमी व्हायला हवा. महाराष्ट्र शासनानं दिव्याला तीन कोटी रुपये दिले, नागपुरातच सत्कार करून.

हा डाव मला स्वतः खेळून बघायचा आहे. कसा बघू?

डावाच्या सगळ्या चाली इंटरनेटवर सहज मिळतात. माझी एकच विनंती, पहिल्यांदा इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक, बंद ठेवा. कुणाचं पारडं जड ते दाखवणारी, बाजूला उंच-सखल होणारी ती पट्टी दिसली की आपण पट बघायचं सोडून पट्टी बघतो आणि 'अरे, हे कसं दिसलं नाही तिला' असं म्हणायला लागतो. तिला पट्टी दिसत नव्हती.

खरा पट मांडा. लाकडी असो की प्लास्टिकचा. काळी मोहरी आपल्याकडे घ्या, म्हणजे दिव्याच्या खुर्चीतून डाव दिसेल. पहिल्या पंधरा-वीस चाली भरभर लावा. मग प्रत्येक काळ्या चालीआधी थांबा, पुढची चाल झाका आणि आपण काय खेळलो असतो ते कागदावर लिहा. चाळीस चालींनंतर मोबाइलवर दहा सेकंदांचा गजर लावा आणि तेवढ्यातच चाल ठरवा. माझ्या वर्गातल्या अकरा वर्षांच्या एका मुलीनं हे केलं. पन्नासाव्या चालीला तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, 'ताई, मला श्वास घेऊ द्या.'

दुसऱ्या दिवशी पट फिरवा आणि तोच डाव हम्पीच्या बाजूनं लावा.